दोन-तीन वेट लॉस प्रोग्राम एकदम चालू आहेत, क्रेडिट कोणाला द्यायचं?

ठाणेकरीण:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसलात तरी चालेल पण उत्तर द्या. दिवाळीनंतर मी एका ॲपचा पेड प्लॅन घेतला, त्यात एक कोच मिळते, रोज काय खाल्लं ते लिहायचं, ताटाचे फोटो टाकायचे, आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो. साधारण त्याच सुमारास आमच्या सोसायटीतल्या एक काकू न्यूट्रिशन क्लब चालवायला लागल्या, भिशीतली ओळख, नाही म्हणवेना, म्हणून त्यांच्याकडून शेकचे डबे पण घेतले. सकाळी नाश्त्याऐवजी एक शेक आणि संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून आल्यावर अर्धा. त्यात भर म्हणजे सासूबाई दीक्षित डाएट करतात, त्यामुळे घरात स्वयंपाक दोनदाच होतो आणि मी पण त्यांच्याच वेळेला जेवते. दोन डगरींवर हात म्हणतात, माझे तीन डगरींवर आहेत.

तर झालं असं की वजन खरंच उतरलं, सात किलो. आणि आता काकूंना माझा बिफोर-आफ्टर व्हिडिओ हवाय, त्याबदल्यात एक डबा फुकट देणार म्हणाल्यात. ॲपवाली कोच म्हणते तुमची सक्सेस स्टोरी टाकूया, पुढच्या प्लॅनवर डिस्काउंट मिळेल. आणि सासूबाई लग्नकार्यात सगळ्यांना सांगत सुटल्यात की आमच्या सुनेने दोनदा जेवून वजन कमी केलं. या तिघींपैकी कोणालाच बाकीच्या दोघींचं पूर्ण माहीत नाहीये. ॲपमध्ये मी शेक लिहीतच नाही, तिथे नाश्त्याच्या जागी स्किप असं टाकते. काकूंना ॲप आहे हे माहीत नाही. सासूबाईंना वाटतं सकाळचा शेक म्हणजे प्रोटीनचं औषध.

आता महिनाभर काटा हललेला नाही आणि ॲपवाली म्हणते अजून एक पोळी कमी करा. मला विचारायचंय की असं मिक्स करणं मुळात बरोबर आहे का, आणि व्हिडिओत काय बोलायचं. खोटं बोलायचं नाहीये पण कोणाला दुखवायचं पण नाहीये.

पोहेवाला:
सात किलोचा सातबारा निघाला की हो, आणि उताऱ्यावर तीन नावं. तलाठ्याला बोलवा.

ठाणेकरीण:
@पोहेवाला म्हटलं होतं ना हसाल म्हणून 😄

लेस्टरकर:
अगं इथे यूकेत हा प्रकार कधीचा चालू आहे. इथे वेट वॉचर्स १९६७ पासून आहे, स्लिमिंग वर्ल्ड १९६९ पासून, दोघांचे आठवड्याचे ग्रुप चर्चच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेत भरतात, काट्यावर उभं राहायचं, मग गोल करून बसायचं आणि ज्याचं उतरलं त्याला टाळ्या. माझी एक मैत्रीण, आपलीच, नाशिकची, दोन्हीकडे जायची. मंगळवारी एकीकडे आणि शनिवारी दुसरीकडे. दोन्हीकडे पैसे भरत होती आणि दोन्हीकडे तिला वाटायचं आपण फार मनापासून करतोय.

आता यातली गंमत ऐक. स्लिमिंग वर्ल्डमध्ये पास्ता, बटाटे, भात, अंडी, हे फ्री फूड, मोजायचं नाही. मोजायचे ते सिन्स, म्हणजे तेल, साखर, बिस्किटं वगैरे, ते दिवसाला पाच ते पंधरा. वेट वॉचर्समध्ये सगळ्याचे पॉइंट आणि काही गोष्टी शून्य पॉइंटच्या. २०१७ च्या शेवटी त्यांनी अंडी, चिकन ब्रेस्ट, राजमा-हरभरे हे सगळं शून्य करून टाकलं तेव्हा लोक नाचले, पण त्याच झटक्यात रोजचे किमान पॉइंट ३० वरून २३ वर आणले हे कोणी नीट वाचलं नाही. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, हिशोब जागेवर. प्रत्येक प्रोग्राम असाच असतो, तिथे सूट मिळते ती कुठेतरी दुसरीकडे आवळलेली असते म्हणून मिळते.

आमची मैत्रीण काय करायची, बटाटे-भात स्लिमिंग वर्ल्डच्या नियमाने फ्री धरायची आणि संध्याकाळचं चॉकलेट वेट वॉचर्सच्या उरलेल्या पॉइंटात बसवायची. दोन्ही वह्या एकदम नीट. तिला विचार, ती अगदी प्रामाणिकपणे सांगेल की मी एकही नियम मोडला नाही. आणि खरंच मोडला नव्हता गं, फक्त दोन्हीकडच्या सवलती घेतल्या होत्या आणि पथ्य एकाचंही नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी.

तुझं तसं चाललंय असं मी म्हणत नाही, तुझं तर उतरलंय. पण महिनाभर काटा हलत नाही म्हणतेस म्हणून सांगितलं.

वरणभात_तूप:
अ‍ॅक्च्युअली हाच घोळ आपल्याकडे दीक्षित आणि दिवेकर यांच्यात होतो. २०१८-१९ ला आठवतंय ना, प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्या होत्या. डॉ. दीक्षित म्हणतात दोनदाच खा, खरी भूक लागते त्या दोन वेळा शोधा आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत उरका, मधे पाणी किंवा पातळ ताक. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात घरचं, आपल्या भागातलं, तूप-भात सुद्धा खा पण थोडं थोडं आणि उपाशी राहू नका. आमचा एक मेव्हणा दोन्ही करतो. म्हणजे ५५ मिनिटांत पोटभर गोडधोड पण खातो कारण दीक्षितांच्या प्लॅनमध्ये मोजायचं नाही, आणि मधे शेंगदाण्याचा लाडू पण खातो कारण दिवेकरांनी सांगितलंय. दोघांचीही पुस्तकं घरात आहेत. पोट पण आहे.

आजोबा_कोथरूड:
इथे एक दुरुस्ती करतो. डॉ. दीक्षितांचा प्रोग्राम कमर्शियल नाही, ते त्याचे पैसे घेत नाहीत, आणि मूळ विचार कै. डॉ. श्रीकांत जिचकारांचा हे ते स्वतःच प्रत्येक व्याख्यानात सांगतात. तेव्हा त्याला ॲपच्या आणि शेकच्या रांगेत बसवू नका. दुसरं म्हणजे ‘मोजायचं नाही’ याचा अर्थ गोड खा असा होत नाही, गोड कमीत कमी हेही तिथे सांगितलेलं आहे आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही सांगितलेलं आहे. मेव्हण्यांना सांगा.

ताईंसाठी मुद्दा एवढाच की सकाळी शेक आणि साडेपाचला परत अर्धा शेक म्हणजे तुमची खाण्याची चार वेळ झाली. त्याला काहीही म्हणा पण दीक्षित प्लॅन म्हणू नका. तुमच्या सासूबाई करतात तो दीक्षित प्लॅन, तुम्ही करता ती घरच्या वेळेची सोय. यात कमीपणा काही नाही, पण नाव खरं लावावं.

ठाणेकरीण:
@आजोबा_कोथरूड पटलं काका. खरं तर मीही कधी म्हटलं नव्हतं दीक्षित करते म्हणून, सासूबाईच म्हणतात आणि मी गप्प बसते, कारण त्यांना इतका आनंद होतो ना सांगताना.

गणितमास्तर:
भावनांचं नंतर बघू, आधी आकडे. ॲपला तुम्ही शेक सांगत नाही. समजा सकाळचा शेक, पावडरच्या एका मापाच्या साधारण ९०-१०० कॅलरी (तुमच्या डब्यामागे बघा, लिहिलेलं असतं) आणि २०० मिली टोन्ड दूध, त्याच्या १२० च्या आसपास. झाल्या २१०. संध्याकाळचा अर्धा धरून ३०० च्या वर. महिन्याला नऊ हजार. एक किलो चरबीला ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात. म्हणजे कागदावर महिन्याला किलोभराहून जास्त फरक ॲपच्या हिशोबात नाहीच. ती कोच बिचारी बघते की ही बाई नाश्ता करत नाही, दोनदा जेवते, तरी काटा हलत नाही, मग ती काय करणार, पोळी कमी करणार. म्हणजे तुमची पोळी शेकने खाल्ली.

दुसरं तेल. माझ्या मते ॲपवर खोटं बोलण्याची सगळ्यात मोठी जागा तीच, आणि ते खोटं आपण बोलतोय हे आपल्यालाच कळत नाही. ‘एक वाटी भाजी’ लिहिलं की ॲप आपल्या मनाने तेल धरतं. घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल आणि माणसं चार असतील तर माणशी रोजचं ४० मिलीच्या वर गेलं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या फोडणीतून आणि तळणातून. भाजी मोजत बसण्यापेक्षा डब्यावर तारीख लिहा, कधी फोडला आणि कधी संपला.

आणि हे तुमचं एकटीचं नाही. १९९२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, ‘आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या लोकांवर. त्यांनी लिहिलेलं खाणं आणि प्रत्यक्षातलं खाणं शास्त्रीय पद्धतीने ताडून बघितलं, तर सरासरी ४७ टक्के कमी लिहिलं होतं आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. माणसं थोडीच होती अभ्यासात, पण ती लबाड नव्हती, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

मीठभाकर:
@गणितमास्तर सर तुमच्या घरी जेवायला यायची भीती वाटते.

गणितमास्तर:
या की. तेलाच्या डब्यावर तारीख दाखवतो.

कडीपत्ता:
मी पुण्यात डाएटिशियन आहे, स्वतःची प्रॅक्टिस आहे, म्हणजे माझाही धंदा आहे हे आधीच सांगते, नाहीतर कोणी म्हणेल ही स्वतःकडे पेशंट ओढतेय.

मिक्स करणं म्हणजे पाप नाही. माझ्याकडे येणारे बरेचजण काहीतरी एक आधीच करत असतात. क्लबमध्ये मैत्रिणी मिळतात म्हणून जातात, ॲपमध्ये नोंद होते म्हणून ठेवतात, चालेल ना. २००५ मध्ये जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात १६० लोकांना चार डाएटमध्ये वाटलं होतं, अ‍ॅटकिन्स, झोन, वेट वॉचर्स आणि ऑर्निश. वर्षाअखेरीस सगळीकडे सरासरी दोन ते साडेतीन किलोच्या आतबाहेर, आणि कोणाचं जास्त उतरलं ते डाएटच्या नावावर नाही तर कोण किती चिकटून राहिलं त्यावर ठरलं. त्यामुळे क्रेडिट कोणाला या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर फार सपक आहे, तुम्ही कमी खाल्लंत आणि ते टिकवलंत. पहिल्या आठवड्यातलं तर पाणीच असतं. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवतं, खाणं एकदम कमी केलं की ते बाहेर पडतं, आणि जो प्रोग्राम आधी सुरू केलेला असतो त्याला त्याचं श्रेय फुकटात मिळतं. सगळ्या जाहिराती पहिल्या आठवड्याच्या का असतात ते आता कळलं असेल.

पण मला काळजी वेगळीच आहे. एकाच माणसाला दोन ठिकाणांहून एकच वस्तू मिळते आणि कोणी बेरीज करत नाही. शेकमध्ये व्हिटॅमिन घातलेली असतात, ॲपच्या किटमध्ये मल्टिव्हिटॅमिन असतं, आणि फॅमिली डॉक्टरने व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची आठवड्याची सॅशे दिलेली असते जी आठ आठवड्यांत बंद करायची तर बाई वर्षभर घेत असते. डी शरीरात साठतं, नुसतं लघवीवाटे निघून जात नाही. ग्रीन टीचं पण तसंच. चहा म्हणून प्या, काही नाही होत. पण ग्रीन टीचा अर्क गोळीत आणि पावडरीत दोन्हीकडे असेल तर बेरीज करा, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलंय की त्यातलं ईजीसीजी नावाचं द्रव्य सप्लिमेंटमधून रोज ८०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढू शकतात. तेव्हा ठाणेकरीण, तुमचे सगळे डबे आणि बाटल्या एकदा डायनिंग टेबलवर मांडा, मागची लेबलं फोटो काढा आणि तेच फोटो कोचला आणि डॉक्टरला पाठवा. सगळं खरं सांगून झालं एका मेसेजमध्ये, तोंडाने बोलायची लाज पण नाही वाटणार.

घरात कोणी शुगरची गोळी घेत असेल तर अजून एक. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे आणि स्वतःच्या मनाने जेवणाच्या दोनच वेळा केल्या तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. डोस बदलायला लागतो. ते डॉक्टरला न सांगता करायचं नाही म्हणजे नाही, मग प्रोग्राम फुकटचा असो नाहीतर पन्नास हजारांचा.

आजोबा_कोथरूड:
हे डॉ. दीक्षितही सांगतात, मधुमेहींनी गोळ्या चालू असताना डॉक्टरांच्या देखरेखीतच करायचं. आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासून घ्यायचं. लोक तेवढंच वगळतात.

जुनी_कोच:
मी एके काळी असा क्लब चालवलाय, आता नाही, नाव विचारू नका. काकूंच्या बाजूने पण थोडं ऐकून घ्या, कारण इथे सगळे काकूंना व्हिलन करतील.

काकू कोच म्हणवतात पण त्या विक्रेत्या आहेत, तुमच्या डब्यावर त्यांना मार्जिन आहे, आणि त्यांच्या वर जी बाई आहे तिला पण काहीतरी मिळतं. यात लपवण्यासारखं काही नाही, डायरेक्ट सेलिंगचे नियम २०२१ मध्ये आले ते याच धंद्यासाठी. पण त्यामुळे होतं काय की काकूंना तुमचा व्हिडिओ म्हणजे पुढच्या दहा गिऱ्हाइकांचं भांडवल. वरून प्रेशर असतं, महिन्याला इतके रिझल्ट टाका म्हणून. मी पण टाकलेत. व्हिडिओ कसा करायचा ते ठरलेलं असतं, आधीचा फोटो ढगळ कपड्यातला, चेहरा पडलेला, नंतरचा फिटिंगच्या कुर्त्यात, लाइट समोरून, आणि बोलताना जिम, ॲप, डॉक्टर, थायरॉइडची गोळी, कशाचाच उल्लेख करायचा नाही. कोणी खोटं बोल असं सांगत नाही हं. विषय काढू नको एवढंच सांगतात. आणि काकू स्वतः त्यावर विश्वास ठेवतात, त्यांना खरंच वाटतं की तुझं शेकनेच उतरलं, कारण तू त्यांना दुसरं काही सांगितलंच नाहीस.

म्हणून माझं म्हणणं, व्हिडिओच्या आधी काकूंना सांग. व्हिडिओ झाल्यावर सोसायटीत कळलं ना की तू ॲपपण वापरत होतीस, तर तोंडघशी त्या पडतील, तू नाही. लोक म्हणतील काकूंनी फसवलं.

तक्रारखोर:
कायद्याचं पण बघा जरा. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींवर गाइडलाइन्स काढल्या, त्यात म्हटलंय की एखाद्या वस्तूची भलामण करणाऱ्याचं मत खरं आणि त्या वस्तूच्या पुरेशा अनुभवावर आधारलेलं पाहिजे, आणि विकणाऱ्याशी काही देवाणघेवाण असेल तर ती सांगितली पाहिजे. फुकट डबा किंवा प्लॅनवर डिस्काउंट ही देवाणघेवाणच झाली. सोसायटीच्या ग्रुपवरच्या व्हिडिओसाठी कोणी तुमच्या दारात येणार नाही हे मलाही कळतं, पण तो व्हिडिओ उद्या कुठल्या पेजवर फिरेल ते तुमच्या हातात नाही.

आणि जाहिरातीत कोणी ‘आमचं औषध लठ्ठपणा बरा करतं’ म्हणत असेल तर तो विषयच वेगळा, १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे, अशी जाहिरातच करता येत नाही. म्हणूनच सगळे ‘न्यूट्रिशन’ म्हणतात, औषध म्हणत नाहीत. सासूबाईंना तेवढं सांगा की ते औषध नाही 😀

मीठभाकर:
आमच्या ऑफिसात याच्या वरताण चाललंय. २०२५ च्या मार्चमध्ये ते वजन उतरवायचं इंजेक्शन मॉन्जारो भारतात आलं, जूनमध्ये तसंच वेगोवी आलं. त्यानंतर एक साहेब एवढे बारीक झाले की ओळखू येईनात. विचारलं तर म्हणाले ट्रेनर बदलला. आता अर्धं ऑफिस त्या ट्रेनरकडे पैसे भरतंय आणि कोणाचंच तसं उतरत नाहीये, आणि सगळ्यांना वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. साहेबांचं औषध ही त्यांची खाजगी गोष्ट आहे, मान्य, सांगायची नसेल तर नका सांगू. पण मग ट्रेनरचं नाव पण घेऊ नका ना. नुसतं हसा आणि विषय बदला.

लेस्टरकर:
@मीठभाकर हे मला फार पटलं. न सांगणं वेगळं आणि तिसऱ्यालाच हार घालणं वेगळं. इथे आमच्याकडे ग्रुपमध्ये स्लिमर ऑफ द वीकला फळांची टोपली मिळते, सगळ्या बायका थोडंथोडं घरून आणतात. माझ्या त्या मैत्रिणीला एकदा मिळाली आणि घरी घेऊन आली तर तिला ती फळं खाववेनात, कारण बाजूला बसलेल्या एका आजीबाईंनी तिला विचारलं होतं, तू नेमकं काय केलंस गं, माझं काही उतरत नाही. आणि हिने अर्धंच सांगितलं होतं.

वरणभात_तूप:
मला एक कळत नाही, ॲपवाल्या कोचला सांगायला एवढं काय अवघड आहे? ती तुम्हाला ओळखत पण नाही, तिच्याकडे तुमच्यासारख्या ढीगभर असतील.

ठाणेकरीण:
@वरणभात_तूप तेच तर ना, मलाही कळत नाही. काकू रोज लिफ्टमध्ये भेटतात म्हणून त्यांना सांगायला अवघड हे समजू शकते. पण ती मुलगी पंचवीसेक वर्षांची, बंगळूरला कुठेतरी बसलेली, इतकी गोड बोलते, दर आठवड्याला म्हणते मॅम यू आर माय बेस्ट क्लायंट. ते बेस्ट क्लायंट मोडायला नको वाटतं. शाळेत पहिल्या बाकावर बसायची सवय ना.

@कडीपत्ता तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं टेबलवर मांडलं. मल्टिव्हिटॅमिन तीन ठिकाणी निघालं. सॅशे पण आहे ड्रॉवरमध्ये, कधीपासून घेतेय आठवत नाही.

कडीपत्ता:
सॅशे आजपासून थांबवा आणि डॉक्टरांना विचारून व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम तपासून घ्या, तोपर्यंत परत सुरू करू नका. मल्टिव्हिटॅमिन एकच ठेवा.

आणि कोचला सांगताना माफीनामा लिहू नका. ‘मी सकाळी आणि संध्याकाळी शेक घेते, हे लेबल, हे दूध, गेल्या महिन्यापासून वजन स्थिर आहे, हे धरून प्लॅन बदला’ एवढं पुरे. चांगली कोच असेल तर तिला हायसं वाटेल, कारण तिला पण कळत नसणार की गणित का जुळत नाही. आणि तिला विचारा की शेक ठेवायचा की नाश्ता. दोन्हीपैकी एकाच्या हातात सुकाणू द्या, ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे सगळी माहिती असली पाहिजे. दुसरं हवं तर सोबतीला ठेवा, गप्पांना, उत्साहाला, पण खाण्याचे निर्णय दोन जागांहून नकोत.

मला विचाराल तर नाश्त्याला शेकपेक्षा दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं बरं, चावायला तरी मिळतं. पण हे माझं मत.

जुनी_कोच:
आणि क्लबच्या काकूंसाठी वाक्य देते, मी असते तर हेच ऐकून घेतलं असतं. ‘काकू, तुमच्यामुळे माझा सकाळचा वडापाव आणि बिस्किटं सुटली, ते मी कुठेही सांगेन. पण मी एक ॲप पण वापरत होते आणि घरी जेवण दोनदाच असतं, ते पण सांगणार. तसा व्हिडिओ चालत असेल तर करू.’ डबा घेऊ नकोस मात्र. घेतलास की मग बोलण्यातला जोर जातो.

ठाणेकरीण:
@जुनी_कोच वडापाव कसा कळला तुम्हाला 😳

जुनी_कोच:
ठाण्याची आहेस ना.

पोहेवाला:
आणि सासूबाईंचं काय करणार? खरा पेपर तिथे आहे.

आजोबा_कोथरूड:
सासूबाईंना खरं सांगितलं तरी त्या म्हणतील दोनदा जेवण होतं म्हणूनच बाकीचं लागू पडलं. आणि त्यात तथ्यही असेल. वाद घालू नका, चालायला मात्र त्यांच्याबरोबर जा, ते तुमच्या तिन्ही प्रोग्राममध्ये बसतं.

ठाणेकरीण:
अपडेट देते, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून.

ॲपच्या कोचला लेबलांचे फोटो पाठवले. पहिला रिप्लाय बराच वेळ आलाच नाही, मला वाटलं चिडली. मग फोन आला आणि म्हणाली मॅम थँक गॉड, मी थायरॉइड टेस्ट सांगणार होते. पोळी परत दिली, संध्याकाळचा शेक बंद केला, त्याऐवजी चणे-फुटाणे आणि ताक. सक्सेस स्टोरीत मी स्वतः लिहिलं की शेक पण घेत होते आणि घरचं जेवण दोनदा होतं. ते त्यांच्या टीमकडे गेलं, छापतील की नाही माहीत नाही, तिला पण माहीत नाही. डिस्काउंट नको म्हटलं, तर म्हणाली तो सिस्टिममध्ये आधीच पडलाय मॅम. आता तो कसा परत करायचा कोणाला माहीत असेल तर सांगा.

काकूंना लिफ्टमध्ये नाही, घरी जाऊन सांगितलं. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या असा व्हिडिओ वरचे घेणार नाहीत गं. व्हिडिओ रद्द. जरा लागलं त्यांना ते दिसत होतं. निघताना मात्र हळूच विचारलं, ते ॲप कितीला पडतं.

सासूबाईंना सगळं सांगितलं. आजोबांनी लिहिलं होतं अगदी तेच वाक्य त्या म्हणाल्या, शब्दही बदलला नाही.

तक्रारखोर:
डिस्काउंटचं सोपं आहे, स्टोरीच्या खाली एक ओळ टाकायला सांगा की मला पुढच्या प्लॅनवर सवलत मिळाली आहे. नाही टाकली तर कस्टमर केअरला ईमेल करून स्टोरी मागे घ्या, आणि ईमेलच करा, चॅट नको, चॅट उडतं.

गणितमास्तर:
तेलाच्या डब्यावर तारीख टाकली का?

ठाणेकरीण:
टाकली सर. सासूबाईंनी विचारलं एक्सपायरी का लिहितेयस हाताने.